एक, दोघी, पुष्कळ

१२ ऑक्टोबर, शनिवार. दाब १५८/९४.

ही वही डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा दाब लिहून ठेवायला दिली. रोज एक ओळ लिहा म्हणाल्या. एका ओळीसाठी अख्खं पान वाया घालवायचं माझ्या जिवावर येतं, म्हणून उरलेल्या जागेत बाकीचंही लिहीत जाईन. चौथीनंतर माझी शाळा सुटली, घरी गायी होत्या आणि वाटेत बर्फ. तेव्हा अक्षर जसं आहे तसं आहे.

आज मोझिर्येच्या बाजारात आमच्या मांडणीपुढे एक तरुण येऊन उभा राहिला. गळ्यात ओळखपत्र, पायात कागदाचे असावेत तसे बूट. राळेच्या मलमाची डबी उचलून खालून वरून पाहिली.

"हे कोण बनवतं, आजी?"

"तुझ्या आजीला विचार. हे आम्ही बनवतो," मी म्हटलं.

वेफा म्हणाली, "काय हवंय बाळ तुला? हाताला भेगा पडल्यात का?"

वेफा म्हणजे माझी धाकटी जाऊ. आमचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही गेले. घर एक, दारं दोन, चूल एक. ती माणसाशी गोड बोलते आणि मग वर्षभर मागून त्याला नावं ठेवते. मी तोंडावरच आटपते, माझा वेळ वाचतो.

त्या तरुणाचं नाव ओशेप. तपासनीस आहे. युरोपचा नवा नियम आला म्हणे: घरी केलेलं मलम विकायचं तर डबीवर उत्तरदायी व्यक्तीचं नाव पाहिजे, आणि त्या व्यक्तीनं फॉर्म भरून दिला पाहिजे की संपूर्ण कृती मी आरंभापासून शेवटपर्यंत जाणते. एक जुलैपासून नावाशिवाय विक्री बंद.

मी म्हटलं, यात काय, टाक आमची नावं.

त्यानं फॉर्म दाखवला. खण दोनच. पहिल्यात "मी, खाली सही करणारी", सहीची ओळ एक. दुसऱ्यात "आम्ही सर्व, खाली सही करणारे", सहीच्या ओळी तीन, आणि तिन्ही भरल्याशिवाय यंत्र फॉर्म घेत नाही.

"आणि आम्ही दोघी?" मी विचारलं.

त्यानं कागद उलटा करून पाहिला. मागे कोरं होतं.

"एकीचं नाव घाला की. दुसरीला मदतनीस म्हणून दाखवू."

"मदतनीस कोण?" वेफानं विचारलं. गोड आवाजातच. पण मी तिला सेहेचाळीस वर्षं ओळखते, तो आवाज ती कोंबडी धरताना काढते.

१३ ऑक्टोबर. १६२/९५.

नवऱ्याची भाषा न समजणारी बाई चालते, पण स्वतःच्या भाषेत मोजता न येणारा साहेब चालत नाही. आमच्या भाषेत 'मी' वेगळं, 'आम्ही दोघी' वेगळं, आणि तिसरं माणूस दारात आलं की शब्दच बदलतो. शेंबड्या पोरालाही कळतं. दोघांना पुष्कळांचं रूप लावलं की शाळेतल्या बाई पट्टी मारायच्या, नेमकी बोटांच्या पेरांवर. युरोपच्या लोकांना कुणी पट्टी मारली नसावी.

दुपारी वेफाशी भांडण. मी म्हटलं, मोठी मी, नाव माझं घालू. ती म्हणाली, विस्तव माझा, नाव माझं. मी म्हटलं, मग कर एकटीनं. तिनं झाडू उचलला. मी बादली. कारण दोघींनाही ठाऊक आहे की एकटीला येत नाही.

आमची सासू फार पोचलेली बाई होती. शेवटच्या दुखण्यात तिनं आम्हाला वेगवेगळं आत बोलावलं. मला मापं सांगितली, वेफाला विस्तवाचं सांगितलं. वर म्हणाली, एकमेकींना सांगाल तर मलम नासेल. मलम बोलण्यानं नासत नाही एवढी अक्कल मला आहे. पण मी सांगितलं नाही, तीही बोलली नाही. सूनबाईंनो, वेगळ्या होऊ नका, असं म्हणण्याऐवजी म्हातारीनं हे केलं. पाया पडायच्या योग्यतेची होती, पण जिवंतपणी मी पडले नाही.

तर मुद्दा असा की आरंभापासून शेवटपर्यंत जाणणारी बाई आमच्या घरात नाही. एकीनं सही केली तर ती खोटी, आणि दुसरी मोलकरीण.

२० ऑक्टोबर. १५५/९०.

नेझा आली. माझी नात, त्सेल्ये शहरात दातांच्या कवळ्या बनवते. तिला सगळं सांगितलं.

"आजी, एक नाव टाकून मोकळी हो ना. कोण बघतंय?"

"वेफा बघतेय," मी म्हटलं.

तिनं फोनमध्ये शोधलं आणि म्हणाली की युरोपच्या सरकारला कुणीही आपल्या भाषेत पत्र लिहू शकतो, आणि त्यांना त्याच भाषेत उत्तर द्यावं लागतं. तसा नियमच आहे.

"हा नियम चांगला आहे. हा कुणी केला?" मी विचारलं.

"तेही तेच लोक."

मग लिहायलाच बसलो. नेझानं टंकलं, मी सांगितलं. वेफा मागे उभी राहून "महोदय लिही", "कृपया लिही" करत होती. दोन कृपया मी राहू दिले. पत्र असं: आमच्या पोद्रोब गावात गटार तुंबलं तर मी सरपंचाला दुकानापाशी गाठून बोलते. तो ऐकतो, कारण पाव घ्यायला त्यालाही तिथंच यावं लागतं. तुम्ही पाव कुठून घेता ते मला ठाऊक नाही. आमच्या डबीवर तुम्हाला एका उत्तरदायी माणसाचं नाव हवं आहे. ठीक आहे. मग तुमच्या नियमाची उत्तरदायी व्यक्ती कोण? कृपया नाव कळवा. आणि आम्ही दोघी आहोत, आमचा खण कुठे आहे, तेही कृपया.

वेफा म्हणाली, "उत्तर यायचं नाही."

मी म्हटलं, "आलं तर?"

"आलं तर वर्षभर कोंबड्या मी बघीन."

१४ नोव्हेंबर. १४९/८८.

कोंबड्या वेफा बघणार.

उत्तर पाच पानांचं आहे. भाषा एवढी शुद्ध की मला चर्चमध्ये बसल्यासारखं वाटलं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत "आपण दोघींनी लिहिलेले", "आपणा दोघींस", एकदाही चुकले नाहीत. वेफा म्हणाली, "बघ, यांना दोघींचं रूप येतं." मी म्हटलं, पत्रात येतं, फॉर्ममध्ये येत नाही, म्हणजे आळशी आहेत.

पण नाव नाही. पाचही पानं चष्मा लावून शोधली. "प्रस्ताव मांडण्यात आला." "मतं मागवण्यात आली." "सर्व बाबी विचारात घेण्यात आल्या." "संमत करण्यात आला." पाच पानांत एकही माणूस काही करत नाही. सगळं आपोआप झालं, दुधावर साय येते तसं.

शेवटी लिहिलंय की समाधान न झाल्यास निवडून दिलेल्या सभेत लोकांचे अर्ज ऐकणारी एक समिती आहे, तिच्याकडे जावं.

समाधान झालेलं नाही.

२ डिसेंबर. १४६/८८.

अर्ज पाठवला. दुकानात कळलं. (वेफानं सांगितलं, "कुणाला सांगू नका" असं म्हणून.) दुकानदारीण म्हणते, "पोल्दाकाकू, तुम्ही युरोपला कोर्टात खेचलंत म्हणे." मी म्हटलं, खेचलं नाही, बोलावलंय. सरपंच पाव घेत होता. त्याला बरं वाटलेलं दिसलं, निदान हिवाळाभर त्याची सुटका.

११ फेब्रुवारी. १४४/८६.

मध्ये लिहिलं नाही. बर्फ होता, तो काढला. वेफा निसरून पडली, तिचा गुडघा आठ दिवस मी मलमानं चोळला. ती म्हणाली, "जरा हळू." मी म्हटलं, फॉर्ममध्ये हळू चोळण्याचा खण नाही. हसून हसून तिला खोकला लागला.

३ एप्रिल. १३८/८४.

बोलावणं आलं. तेरा मे, ब्रुसेल्स, समितीपुढे पाच मिनिटं. सोबत कुणी यावं असं वाटल्यास यावं.

वेफा म्हणाली, "मी कशाला? बोलणार तर तू."

"मग मी तिथं 'आम्ही दोघी' कुणाकडे बघून म्हणू?"

दुपारी तिनं काळा कोट बाहेर काढून गॅलरीत वाळत टाकलेला मी पाहिला. तो कोट ती फक्त मयताला घालते.

१२ मे. ब्रुसेल्स. दाबाचं यंत्र घरी.

विमानात बसले. पाहिलं. ढग वरूनही ढगच.

विमानतळावर वेफाच्या पिशवीत पोतित्साची, म्हणजे अक्रोड भरलेल्या गोड पावाची, दोन वेटोळी, मांस भरून वाळवलेलं डुकराचं एक पोट, आणि मलमाच्या बारा डब्या निघाल्या. तपासणाऱ्या बाईनं एक डबी उघडून वास घेतला. तिची बोटं फाटलेली होती, दिवसभर त्या हातमोज्यांत घालून. वेफानं तिच्या हातात डबी दिली. ती म्हणाली, आम्हाला घ्यायची परवानगी नाही. वेफा म्हणाली, "घेऊ नको, लाव." तिथंच लावलं.

नेझा सोबत आहे म्हणून बरं. इथे रस्त्यावर एकही माणूस मोठ्यानं भांडत नाही. सरकार करणाऱ्यांचं गाव असून.

१३ मे. ब्रुसेल्स.

सविस्तर लिहिते, कारण वेफा उद्यापासून वेगळंच सांगणार आहे.

खोली मोठी, गोल. भिंतीला काचेच्या खोल्या, आणि प्रत्येकीत दोन-दोन माणसं, जी दुसऱ्यांचं बोलणं आपल्या भाषेत सांगतात. आमच्याही भाषेची खोली होती. आत एक दार्या नावाची बाई, ल्युब्ल्यानाची. तिनं काचेतून हात केला. एवढ्या लांब येऊन आपल्यासाठी कुणीतरी बसलंय हे पाहून मी घटकाभर माझं भाषण विसरले. मग आठवलं.

अध्यक्षीणबाई म्हणाल्या, पाच मिनिटं.

मी म्हटलं, "पाच पुष्कळ झाली. आमचं मलम आहे, राळेचं. आमच्या मलमानं कुणाच्या हाताला पुरळ आलं तर तो माणूस आमच्या दारात येतो आणि ओरडतो. यावं, बरोबर आहे. आम्ही त्याला दूध देतो, मलम परत घेतो, आणि त्याची चूक असेल तर उलट ओरडतो. आता तुमच्या कागदानं आम्हाला पुरळ आलंय. मी कुणाच्या दारात ओरडू? मी पत्र लिहिलं. पाच पानं आली. त्यात 'करण्यात आले' बावीस वेळा आहे. माझा नवराही असंच बोलायचा. भांडं फुटलं, दूध सांडलं, गाय सुटली. त्याच्या हातून कधी काही झालं नाही, सगळं होत असे."

इथे लोक हसले. पण कसे, तर एका वेळी नाही. आधी आमची नेझा आणि दोनचार जण, मग डावीकडचे, मग मधले, आणि जर्मन सगळ्यांत शेवटी, मी पुढचं वाक्य सुरू केल्यावर. शिकलेले लोक असून विनोद उशिरा कळतो.

"आणि आम्ही दोघी आहोत," मी म्हटलं आणि वेफाकडे बोट केलं. वेफा मयताच्या कोटात उभी राहिली आणि सगळ्यांना वाकून नमस्कार केला, राणीसारखा. "तुमच्या फॉर्ममध्ये एक आहे आणि पुष्कळ आहेत. आम्ही एक नाही. तिसरी आणायची तर ती सासू होती, आणि ती पंचेचाळीस वर्षांपूर्वी गेली."

मग उत्तरं सुरू झाली. नियम लिहिणाऱ्यांच्या बाजूनं एक बाई बोलली, की आम्ही फक्त मांडतो, ठरवते ती ही सभा. सभेतला एक सदस्य म्हणाला, आम्ही दुरुस्त्या करतो, पण प्रत्येक देशाचे मंत्री संमती देतात. मी विचारलं, म्हणजे आमचाही मंत्री? तो म्हणाला, हो, तुमच्याही मंत्र्यानं हात वर केला होता. मी म्हटलं, घरी तर तो म्हणतो ब्रुसेल्सनं केलं. पुन्हा हसले, या वेळी सगळे एकदम. हा विनोद त्यांना आधीपासून ठाऊक असावा.

मग मागच्या बाकावरून एका टकल्या माणसानं हात वर केला. त्याची बोलायची पाळी नव्हती, त्याच्या शेजारणीनं त्याची बाही ओढली ते मी पाहिलं. तो उभा राहून म्हणाला, "उत्तरदायी व्यक्तीची ती ओळ मी लिहिली. माझं नाव शुएरेब."

सगळ्यांच्या माना वळल्या. मी म्हटलं, "बसा बसा. सापडलात, आता उभं राहायची गरज नाही."

तो माल्टाचा. म्हणाला, आमच्याही भाषेत दोन दिवसांना वेगळा शब्द आहे, दोन तासांना आहे, म्हणून तुमची तक्रार वाचून मला वाईट वाटलं आणि मी तुमच्या भाषेतला नियम मागवून घेतला. तो त्यानं दार्याला वाचायला दिला. दार्यानं काचेमागून वाचला, सगळ्यांना ऐकू गेला: "जी व्यक्ती, ज्या दोन व्यक्ती, किंवा ज्या व्यक्ती मिळून मलम बनवतात, ती, त्या दोघी अथवा दोघे, किंवा त्या सर्व उत्तरदायी राहतील."

दोघी होत्या. पहिल्यापासून होत्या.

"मग फॉर्म?" मी विचारलं.

"फॉर्म आम्ही करत नाही. प्रत्येक देश आपापला करतो."

"म्हणजे कुठे?"

तो जरा घुटमळला. "बाई, तुमच्या घरी."

मी आयुष्यात फार वेळा गप्प झालेली नाही. वेफानं मोजलं, म्हणते अकरा सेकंद.

नंतर बाहेर कॉफी देत होते. शुएरेब आला, सोबत दार्या, दोघांचं बोलणं एकमेकांना सांगायला. मी त्याला विचारलं, तू लिहितोस, सभा कापते, मंत्री हात वर करतात, मग एकटा कुणीच का करत नाही, लवकर होईल की. तो म्हणाला, एकाच्या हातात सगळं नको म्हणून तर. तिघांनाही एकमेकांवाचून पुढे जाता येत नाही.

मी म्हटलं, "म्हणजे आमच्या सासूनं केलं तसं."

त्याला कळलं नाही. दार्याला कळलं, मी सभेआधी तिला सासूचं सगळं सांगितलं होतं. ती इतकी हसली की तिला त्याला समजावून सांगता येईना.

मी त्याला म्हटलं, तरी पण नाव लिहीत जा. ओरडायला कुणीतरी लागतं. त्यानं खिशातलं कार्ड काढून मागे आपला फोन लिहून दिला, आतला, थेट टेबलावरचा. वेफानं त्याला डबी दिली आणि पोतित्साही कापली. खाऊन म्हणाला, आमच्या आईची अशीच असते. सगळे असंच म्हणतात, पण दुसरा तुकडा मागून घेतला.

१७ मे, शनिवार. १३४/८२. (यंत्र बिघडलं की काय म्हणून दोनदा घेतला.)

बाजार. मी ओशेपची वाट बघत बसले. आला. लांबून आम्हाला पाहून दुसऱ्या गल्लीत वळणार होता.

"ये रे इकडे, कागदी बुटा. ब्रुसेल्सहून आलोय, तुझ्यासाठी निरोप आहे."

तो आला. मी नियमाची प्रत त्याच्यापुढे ठेवली. दार्यानं ती ओळ पिवळी करून दिली होती. त्यानं वाचली. परत वाचली. कानाच्या पाळ्यांपासून लाल व्हायला लागला.

"हा फॉर्म कुणी केला?" मी विचारलं.

"म्हणजे तो तयार करण्यात..."

"नको," मी म्हटलं.

त्यानं खाली पाहिलं. "मी केला."

"तू?"

"आमच्या कार्यालयात दुसऱ्या कशाचा तरी फॉर्म होता, त्याच्यावरून. यंत्रात खण दोनच होते. एक आणि अनेक. मला वाटलं चालेल."

"आणि युरोपचा नियम, युरोपचा नियम करत होतास, ते काय होतं?"

"ते सगळेच म्हणतात, आजी. म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही."

वेफानं त्याला खुर्ची दिली. ही तिची वाईट सवय आहे. मी विचारलं, "तुझे आईवडील किती होते?"

"किती म्हणजे? दोन."

"त्यांना कुठल्या खणात घातलं असतंस?"

तो हसला. आधी जरासा, मग चांगला. मीही थोडी हसले, पण डबी विकण्याच्या निमित्तानं तोंड वळवून. माणूस वाईट नाही. आपल्या तोंडानं "मी केला" म्हणाला. त्या गोल खोलीत चाळीस जणांतून एकच म्हणाला होता.

२८ मे. १३२/८०.

टपालानं नवा फॉर्म आला. तीन खण. मधला आमचा. सोबत चिठ्ठी: "जुन्या फॉर्ममधली चूक माझी होती. मधला खण राहून गेल्यामुळे जिल्ह्यात आणखी एकोणतीस ठिकाणी दोघांपैकी एकाचंच नाव लागलं होतं. सर्वांना नवा फॉर्म पाठवला आहे." खाली सही, नाव, फोन. ओशेप.

एकोणतीस घरांत एकेक मदतनीस होऊन बसली होती आणि कुणी बोललं नाही. बायकाच असणार.

शुएरेबला फोन लावायला नेझाला सांगितलं. त्यानं खरंच उचलला. नेझा म्हणते, तो आनंदानं काहीतरी त्याच्या भाषेत ओरडला. मी म्हटलं, त्याला सांग, ओरडायचं काम माझं आहे.

२९ मे. १५१/९०.

घोटाळा झाला. मधला खण नीट वाचला. "आम्ही दोघी, खाली सही करणाऱ्या, संपूर्ण कृती आरंभापासून शेवटपर्यंत जाणतो." दोघीही. संपूर्ण. म्हणजे मला विस्तव ठाऊक पाहिजे आणि तिला मापं.

हा खण मी मागितला. विमानात बसून मागितला.

वेफा म्हणाली, "खोटी सही करायची?"

मी म्हटलं, "एवढं बोलून आल्यावर?"

"मग सासूबाई?"

"सासूबाईंना फॉर्म आला नव्हता."

पण दोघीही आपापल्या दारानं आत गेलो.

१४ जून. १४०/८४.

पंधरा दिवस कुणीच विषय काढला नाही. वेफा कोंबड्यांशी बोलते. मी राळ गोळा करायला रानात जाते आणि गरजेपेक्षा जास्त आणते. आता एवढीच भीती आहे, आणि ती मी फक्त इथे लिहिते, की सांगून टाकलं की तिला माझी गरज उरणार नाही. उद्या ती एकटी मलम करील. मलाही करता येईल म्हणा. पण मला एकटीनं करायची हौस नाही.

२१ जून, शनिवार. दाब घेतला नाही.

ओशेपला आम्हीच बोलावलं. म्हटलं, तू साक्षीदार. तू पाप केलंस, आता बस चुलीपुढे. तो थर्मामीटर घेऊन आला, फॉर्ममध्ये आकडा लागतो म्हणे. नेझाही आली, लिहून घ्यायला.

मोठी म्हणून आधी मी. राळ तीन वाट्या, मेण एक वाटी. ते सांगितलं.

"आणि चरबी?" नेझानं विचारलं.

मी चुलीकडे बघून म्हटलं, "वेफाच्या दोन ओंजळी."

"कुणाच्या?" वेफा म्हणाली.

"तुझ्या. सासूबाई म्हणाल्या होत्या, वाटीनं घेऊ नको, माझ्या किंवा तुझ्या हातानं घेऊ नको, तुझे पंजे फावड्यासारखे आहेत. धाकटीच्या ओंजळी दोन, बरोबर बसतं."

वेफानं आपले हात समोर धरून पाहिले, जणू कुणी दुसऱ्याचे आणून जोडलेत. "म्हणून चरबी आणायला मला दर वेळी तळघरात पाठवतेस? मला वाटलं तुझ्यानं पायऱ्या उतरवत नाहीत."

"माझ्यानं सगळं उतरवतं. तुझं सांग."

ती बराच वेळ चुलीत लाकूड सरकवत राहिली. मग म्हणाली, "मंद विस्तव. ढवळत राहायचं. आणि पोल्दा शिंकली की तयार राहायचं. दुसऱ्यांदा शिंकली की उतरवायचं."

ओशेपनं पेन खाली ठेवलं.

"सासूबाई म्हणाल्या," वेफा म्हणाली, "थोरलीच्या नाकाइतकं खरं माप या खोऱ्यात नाही. राळेचा वास बदलला की तिला आधी कळतं, तिचं तिला कळत नाही. तिला भांड्यापाशी उभी ठेव. उभी ठेवायला काही करावं लागत नाही, चुका काढायला ती आपण होऊन येते."

पंचेचाळीस वर्षं मला वाटत होतं की मी तिच्यावर लक्ष ठेवून उभी आहे.

मलम चढवलं. ओशेप थर्मामीटर धरून. मी ठरवलं होतं, शिंकायचंच नाही. शिंकले. थोड्या वेळानं पुन्हा. "चौऱ्याऐंशी," ओशेप म्हणाला. दुसरा घाणा चढवला, त्याचा विश्वास बसेना. दुसरी शिंक, चौऱ्याऐंशी. तो म्हणाला, त्याच्या कार्यालयातलं यंत्रही इतकं नेमकं चालत नाही. वेफानं पोट धरून जमिनीवर बसकण मारली. नेझा हसून रडत होती आणि लिहीत होती.

फॉर्ममध्ये ओशेपनं दोन्ही लिहिलं. ओंजळींचं वजन करून आकडा, आणि कंसात वेफाच्या ओंजळी. चौऱ्याऐंशी अंश, आणि कंसात पोल्दाची दुसरी शिंक. मी विचारलं, वरचे लोक हसणार नाहीत का? तो म्हणाला, "हसू देत. खाली माझं नाव आहे."

मग सह्या. आधी कुणी, यावरून थोडं झालं. मी म्हटलं मोठी आधी, ती म्हणाली वर्णमालेत 'प' आधी असला म्हणून काय झालं, विस्तव आधी. शेवटी नेझानं दोन पेनं दिली. एकाच वेळी केल्या. माझी जरा तिच्या सहीवर चढली आहे.

सगळे गेल्यावर आम्ही झ्गांत्सी, पिठाची साधी उकड, घेऊन जेवायला बसलो. वेफा खात नव्हती. मी विचारलं, काय झालं?

"पोल्दा, आपल्यातली एक गेली की गं? मग कसली ओंजळ आणि कसली शिंक."

"मग पहिला खण आहेच की," मी म्हटलं. "एकीचा."

"तो भरशील तू?"

"तो मी मागितलेला नाही. जेव, झ्गांत्सी गार होताहेत."